तिफण ट्रॅक्टरला जोडताना

आमच्याकडे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पेरणीच्या औताला कुणी तिफण म्हणते, तर कुणी कुरी. नाव काहीही असो, तिचे चाडे ज्याच्या हातात, त्याच्या हातात घरची वर्षाची भाकरी. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चाड्यावरची मूठ माझ्या हाती दिली. तेव्हापासून घरच्या साडेचार एकराची ज्वारी मीच पेरत आले. हे औत धरायचे, बैल ओढायचे आणि मी मागून चालत बी सोडायचे. त्यात कधी खंड पडला नाही.

खंड पडला तो २०२२ साली. त्या वर्षी लम्पीची साथ आली. आमच्या जोडीतला राजा नऊ दिवस गाठी अंगावर घेऊन उभा राहिला आणि दहाव्या दिवशी बसला तो उठला नाही. उरला एकटा सोन्या. एका बैलाने तिफण चालत नाही. त्या वर्षी भाड्याच्या पेरणी यंत्राची वाट बघत बसलो. यंत्र आले ते हस्त सरून चित्रा लागल्यावर. तोवर वरची चार बोटे माती भुगा झाली होती. रब्बीची ज्वारी ही जमिनीतल्या ओलीवर येते, वरून पाऊस येईलच याचा भरवसा नाही. निम्मे बी उगवलेच नाही. वैरणीसाठी सोन्यालाही पुढे ठेवता आले नाही, ते दुःख वेगळेच.

थोरल्याने डाळिंबाच्या फवारणीसाठी चुलतभावाच्या भागीत एक जुना छोटा ट्रॅक्टर घेतला होता, अठरा अश्वशक्तीचा. डाळिंबाच्या दोन ओळींतून जाईल एवढाच त्याचा पसारा. २०२३च्या पोळ्याला दारात बैल नव्हते. ट्रॅक्टरलाच झूल घालून पोरांनी ओवाळले. त्या रात्री जेवताना थोरला म्हणाला, "आई, आपली तिफणच ह्याला जोडू की. दुसऱ्याच्या दाराला कशाला जायचं?"

हे म्हणाले, "तिफण बैलाची आहे. ती त्याला कशी जमेल?"

"जमवायची," थोरला म्हणाला.

पहिला प्रयोग अगदी अडाणीपणाचा झाला. तिफणीची दांडी साखळीने ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाला बांधली आणि पडीक तुकड्यात चालवून बघितली. सरळ चालताना ठीक वाटले. बांधाजवळ वळण घेताना मात्र दिंड असे करकरले की ओसरीवर बसलेल्या आत्याबाई ओरडल्या, "अरे, मोडाल तिला! मामंजींच्या बाभळीची आहे ती!" त्यांच्या सासऱ्यांनी स्वतःच्या बांधावरची बाभूळ तोडून गावच्या सुताराकडून ती करून घेतली होती. बैल वळतात तेव्हा औत उचलून धरणारा माणूस असतो, बैलही शहाण्यासारखे पाय टाकतात. ट्रॅक्टरला औताची कळ कळत नाही. त्या दिवशी ठरले की लाकडी तिफणीला करवत लावायची नाही. तिची मापे घ्यायची आणि सांगाडा लोखंडाचा करायचा. चाडे तेवढे उसने घ्यायचे.

ट्रॅक्टरच्या मागे औत जोडायला तीन जागा असतात, खाली दोन हात आणि वर मध्ये एक दांडा. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी बसवली आणि आज जगभर तीच चालते. त्यामुळे एकाचे औत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला बसते. लहान ट्रॅक्टरला खालच्या खिळी २२ मिलिमीटरच्या आणि वरची १९ मिलिमीटरची लागते. वेल्डिंगवाल्याने आधी अंदाजाने सळई कापली होती. थोरल्याने ती परत करून मापाच्या खिळी आणवल्या. खिळ सैल असली की औत डुगडुगते आणि तास वाकडे जाते, म्हणून हे सांगितले. अडीच इंची चौकोनी पाइपाची आडवी पट्टी, तिच्यावर इंग्रजी यू अक्षरासारख्या पकडींनी बसवलेले तीन फण, मध्ये वरच्या दांड्यासाठी उभी कमान आणि मागे बसायला फळी. नळ्या वेळूच्या न घेता पारदर्शक प्लास्टिकच्या घेतल्या. त्यात बी पडताना दिसते, अडकले तर लगेच कळते. ही सुधारणा मला फार आवडली. वेळूच्या नळीत गांधीलमाशीने मातीचे घर केले आहे हे अर्धा एकर पेरून झाल्यावर कळण्याचा अनुभव मी घेतलेला आहे. सगळे मिळून साडेसहा हजार रुपये खर्च आला.

आता मुठीची गोष्ट. ज्वारीचे बी एकरी चार किलो धरतात, म्हणजे हेक्टरी दहा. थोरल्याने वहीवर हिशेब मांडला. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर आणि दहा किलो म्हणजे दहा हजार ग्रॅम. म्हणजे चौरस मीटरला बरोबर एक ग्रॅम. दोन तासांत ४५ सेंटिमीटर अंतर धरले तर पन्नास मीटर लांबीच्या एका तासाला साडेबावीस ग्रॅम बी पडायला हवे. मी म्हटले, "मला ग्रॅम कळत नाही, मला मूठ कळते." तो म्हणाला, "मग मुठीचं वजन करू."

लाकडी तिफणीच्या तिन्ही नळ्यांच्या तोंडाला लहान पिशव्या बांधल्या. बाप-लेकांनी ती जमिनीवर न टेकवता बैलांच्या चालीने पन्नास मीटर नेली आणि मी मागून मूठ सोडत गेले. सुनेने केक करायला आणलेला छोटा काटा होता, त्यावर पिशव्या ठेवल्या. बावीस, तेवीस, बावीस. हे नुसते बघत राहिले. मला स्वतःलाही नवल वाटले, खोटे कशाला बोलू? इतकी वर्षे कुणी कधी मोजले नव्हते.

मग लोखंडी सांगाडा ट्रॅक्टरला जोडून, मला फळीवर बसवून, तसेच केले. काट्यावर आले तेरा, चौदा, तेरा. मूठ तीच, पण बैल पन्नास मीटर चालायला सवा मिनिटाच्या वर घेत आणि ट्रॅक्टर दुसऱ्या गिअरमध्ये पाऊण मिनिटात पोचला. बी सोडणारा हात वेळ मोजतो, अंतर मोजत नाही. ज्यांनी अशी तिफण जोडायची ठरवली असेल त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. आम्ही सगळ्यात खालच्या गिअरवर आणि कमी रेसवर आलो, तेव्हा आकडा एकवीस-बावीसवर आला.

२०२३चा ऑगस्ट देशभर कोरडा गेला होता. शंभर वर्षांच्या वर इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता असे हवामान खात्याने सांगितले. सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे दोन बरे पाऊस झाले आणि वाफसा आला. बी मालदांडीच. घरचे राखलेले, निवडलेले अठरा किलो. काणी येऊ नये म्हणून किलोला चार ग्रॅम याप्रमाणे तीनशे मेशचे गंधक चोळले. चाड्याला हळदकुंकू लावले, नारळ फोडला. आत्याबाई काठी टेकत बांधापर्यंत आल्या. त्यांना ते लोखंड मुळीच आवडले नव्हते, पण वर चाडे आपले आहे हे बघून गप्प राहिल्या.

पहिला दीड एकर छान गेला. धूळ फार होती. मी पदर तोंडाला बांधून, निऱ्या घट्ट खोचून बसले होते. दुपारच्या सुमारास बांधाच्या टोकाला थोरल्याने वळण्यासाठी हायड्रॉलिकने औत उचलले. रोज उचलायच्या आधी तो हाक द्यायचा आणि मी उतरायची. त्या वेळी फोन वाजला की काय झाले कोण जाणे, हाक राहिली. फळी एकदम वर आली, मागे कलली आणि मी घसरून उजव्या हातावर पडले. फण माझ्या पायापासून वीतभर अंतरावर होते. ट्रॅक्टर मागे आला असता तर हे लिहायला मी नसते. मनगट सुजले, हाड वाचले. तालुक्याच्या गावी पट्टी बांधून घेतली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे हात न हलवण्यास सांगितले.

त्या फळीबद्दल एक शब्द. अशी बसायची फळी असलेली यंत्रे गावोगाव फिरतात, त्यांवर दोन-दोन बाया बसलेल्या दिसतात. मी आता त्यांना थांबवून सांगते की औत उचलायच्या आधी उतरा, पदर आणि केस बांधा, आणि मागे धरायला कठडा नसेल तर बसूच नका. काही ऐकतात. रोज बुडेल म्हणून काही ऐकत नाहीत. त्यांचेही चुकते असे म्हणवत नाही.

घरी आले तो तीन एकर रान तसेच आणि ओल तासातासाने खाली चाललेली. भाड्याचे यंत्र चार दिवसांनी मिळणार होते. थोरला एका कोपऱ्यात मान खाली घालून बसला होता. त्याला मी काही बोलले नाही, त्याच्या बापाने जे बोलायचे ते बोलून घेतले होते. सून पुढे आली. म्हणाली, "आई, मी धरू का मूठ?" तिचे माहेर उसाच्या पट्ट्यातले. तिने चाडे कधी हातात घेतले नव्हते.

रात्री ओसरीवर परातीत ज्वारी घेऊन बसलो. मूठ आवळायची नाही, सैलही सोडायची नाही. बी करंगळीकडून निसटू द्यायचे नाही, ते अंगठा आणि पहिल्या दोन बोटांच्या मधूनच सुटले पाहिजे. हात चाड्याच्या तिन्ही भोकांवरून गोल फिरला पाहिजे, आणि मूठ संपत आली की डाव्या हाताने ओटीतले बी भरायचे, तोवर उजवा थांबता कामा नये. सगळे चुकतात ते तिथेच. मूठ भरताना हात थांबतो आणि रानात हातभर मोकळी जागा राहते. डाव्या हाताने शिकवणे फार अवघड, बरे का. माझे मलाच कळेना मी काय करते ते. मी डोळे मिटून करायची, म्हणजे आठवायचे. आत्याबाई अंधारातून बोलल्या, "तिला मोजायला सांग. मी मनात विठ्ठल विठ्ठल म्हणायची, एका विठ्ठलाला एक फेरा." इतकी वर्षे त्यांच्या घरात राहून मला हे माहीत नव्हते. मला त्यांनी शिकवताना कधी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी फळी काढून टाकली. ट्रॅक्टर इतका हळू चालत होता की मागून चालत पेरता येत होते. नळ्या हातभर लांब केल्या, चाडे मागे घेतले. सून चाड्यावर, तिच्या शेजारी मी गळ्यात हात बांधून, आणि ट्रॅक्टरच्या बाजूने हे, थोरल्याकडे बघत. संध्याकाळी उरलेले तीन एकर झाले. बी मात्र तीन किलो कमी पडले, शेजाऱ्यांकडून आणावे लागले. पोरीचा हात सढळ.

सहाव्या दिवशी कोंब दिसले. मला घरात राहवेना. हात बांधलेला घेऊन रानात गेले आणि तास तास बघत चालले. सुनेच्या भागात सुरुवातीला दाट आणि टोकाला पातळ, हे दिसणारच होते. दाट ते विरळणीत निघाले. पण दुसरेच एक दिसले. तीन तासांपैकी मधले तास भरगच्च आणि कडेची दोन तुटक. माझ्या हाताने पेरलेल्या दीड एकरातही तसेच. म्हणजे दोष मुठीचा नव्हता. तुटक तासात उकरून बघितले तर बी वरच्या वर, सुक्या ढेकळात पडलेले. काही तर मुंग्यांनी नेलेले.

त्या तीन आठवड्यांत मला काम नव्हते, आणि काम नसले की माणूस विचार करतो. एके सकाळी सुनेने दारात रांगोळी काढायला घेतली. मी म्हटले, "थांब, मला दोन ठिपके काढून दे, दोन वितींवर." ते ट्रॅक्टरची मागची चाके. हे टेप घेऊन आले. चाकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ९० सेंटिमीटर निघाले. तिफणीच्या कडेच्या दोन फणांतले अंतरही ९०. म्हणजे दोन्ही कडेचे फण नेमके चाकाच्या दडपलेल्या पट्ट्यातून चालले होते. जमीन दबली की फण खोल जात नाही, वर वर ओरखडतो. मग मी तीनच्या जागी चार रेघा काढून घेतल्या, मध्यापासून दोन्हीकडे अर्ध्या अंतरावर एकेक आणि त्याच्या पलीकडे पूर्ण अंतरावर एकेक. आता दोन्ही ठिपके रेघांच्या मधोमध आले, रेघेवर एकही नाही.

हे बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. मग म्हणाले, "आणि मी दोन दिवस चाकाचा हवादाब बघतोय."

२०२४ला पट्टी लांब करून चार फण बसवले. बैलाला जड गेले असते, पण ट्रॅक्टरला चौथ्या फणाचे काही वाटले नाही. दोन लहान लोखंडी चाके पट्टीच्या टोकांना लावली, म्हणजे फण किती खोल जायचा ते चाक ठरवते, चालवणाऱ्याचा हात नाही. खोली दोन इंच ठेवली. मागे बी झाकायला लाकडी फळी ओढत ठेवली. एकच अडचण राहिली ती पुढच्या फेरीचे अंतर धरण्याची. थोरल्याने आधीच्या फेरीच्या कडेच्या तासापासून चाकाचा मध्य साडेसव्वीस इंचांवर राहील अशी एक काठी पुढे बांधली. ती तासावरून सरकत गेली की अंतर बरोबर.

चार फण झाले म्हटल्यावर तीन भोकांचे आमचे चाडे निकामी झाले. मला वाईट वाटले, पण बोलले नाही. थोरल्याने भंगारातून एक जुनी बियाण्याची पेटी आणली होती, चाकावर फिरणाऱ्या खाचांच्या रुळाची. चाक फिरेल तेवढेच बी पडणार, ट्रॅक्टर हळू चालो की जोरात. मागे माणूस बसायचे कारणच उरले नाही, म्हणून मी हो म्हटले. मात्र आधी रुळातून काढलेले शंभर दाणे आणि तसेच निवडलेले शंभर दाणे वेगवेगळ्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. साध्यातले ब्याण्णव उगवले, रुळातले एकोणऐंशी. रूळ दाणे चेपत होता. मालदांडीचा दाणा टपोरा, त्याला फट अरुंद पडत होती. कानशीने घासून फट वाढवली, पुन्हा शंभर दाणे ठेवले, तेव्हा नव्वदावर आले. जिवाणू खत चोळलेले बी सावलीत नीट सुकवले नाही तर खाचांत चिकटते, हेही त्याच आठवड्यात कळले. त्या वर्षी पाऊस चांगला होता. एकरी सहा क्विंटल ज्वारी झाली आणि कडबा कमरेच्या वर. आदल्या वर्षी साडेतीनच झाली होती.

चाडे मी धुऊन, तेल लावून लाकडी तिफणीवर परत बसवले आणि तिफण गोठ्यात आढ्याला टांगली.

२०२५च्या सप्टेंबरात उलटेच झाले. सोलापूर जिल्ह्यात पावसाने कहर केला, सीनेला महापूर आला, कितीतरी गावांत घरात पाणी शिरले. आमचे रान उंचावर म्हणून वाचले, पण वाफसा येता येईना. ऑक्टोबरात चार एकर ट्रॅक्टरने पेरून झाले. ओढ्याकडचा अर्धा एकर मात्र तसाच चिकट. थोरल्याने कडेने ट्रॅक्टर घालून बघितला तर चाके रुतली आणि माती वळकटीसारखी निघाली. अशात पेरले तर ढेकळे विटांसारखी वाळतात. आणखी थांबावे तर हंगाम उलटतो.

वरच्या वस्तीवर एकाची बैलजोडी अजून आहे. हे जाऊन एक दिवसासाठी ती मागून आले. तिफण आढ्यावरून खाली काढली, दांडीला नवे नाडे घातले. आत्याबाई आता बांधापर्यंत येऊ शकत नाहीत. त्यांनी दारातूनच चाड्याला कुंकू लावले. दोन किलो बी सुनेच्या काट्यावर मोजून ओटीत घेतले. मनगट जरा भरून येत होते, म्हणून निम्मे मी पेरले आणि निम्मे सुनेने. ती ओठ हलवत होती, विठ्ठल विठ्ठल म्हणत असावी. शेवटचे तास ओढ्याच्या कडेला संपले तेव्हा तिने ओटी झटकली. मूठभर बी उरले होते. ते तिने परत पिशवीत टाकले, आणि आम्ही बैल सोडले.